सही एकाची, घड्याळ दुसऱ्याचे

पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर (खेड) जिथे आहे, ती जागा महाराष्ट्रातल्या विमानांच्या इतिहासात अगदी मधोमध येते, आणि तरी त्या इतिहासात तिचे नाव कुठे नाही. दक्षिणेला लोहगाव, १९३९ पासूनचा हवाई तळ. रशियाहून आलेली पहिली सुखोई-३० विमाने १९९७ साली हवाई दलात दाखल झाली ती तिथे. उत्तरेला नाशिकच्या पुढे ओझर, १९६४ साली सुरू झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना. मधल्या भोसरी-चाकण-खेड पट्ट्यात हजारो फिटर, टर्नर, वेल्डर आणि टूलरूममधले कसबी हात आहेत. विमान दुरुस्तीचा पेशा मात्र इथे रुजला नाही. खेड तालुक्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार ही चर्चा वर्षानुवर्षे चालली, जागा बदलत राहिल्या, विरोध झाला, आणि २०१६ साली विमानतळ पुरंदरला नेण्याचे सरकारने जाहीर केले. त्या काळात वाद झाला तो जमिनीच्या भावाचा, मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा. तो रास्तच होता. ज्याची बागायत जाणार तो आधी तेच विचारणार. पण विमानतळ आलाच तर तिथे रात्रभर दिव्याखाली काम कोण करणार, ते काम कसले, ते शिकायला काय लागते, या प्रश्नांना त्या वादात फारशी जागा मिळाली नाही. दोष तालुक्याचा नव्हे. विमानाचा मेकॅनिक हा माणूसच आपल्याकडे पहिल्यापासून नजरेआड राहिला आहे.

या पेशातल्या तक्रारी जगभर सारख्याच ऐकू येतात. रात्रपाळी, पगार, उन्हात तापलेले काँक्रीट, वैमानिकाला सलाम आणि मेकॅनिकला तगादा. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची यादी करून रोग कळत नाही. माझ्या मते मूळ दुखणे एकच आहे. विमान किंवा हेलिकॉप्टर उडण्यायोग्य आहे, असे लिहून देणारी सही एका माणसाच्या नावाची आणि परवाना क्रमांकाची असते. ती सही मनापासून करता यावी म्हणून जे लागते, म्हणजे पुरेसा वेळ, योग्य सुटा भाग, मदतीला माणूस आणि आधीची झोप, त्यावर ताबा दुसऱ्याचा असतो. वेळापत्रक विभाग वेळ ठरवतो, खरेदी विभाग भाग मागवतो, मनुष्यबळ विभाग माणसे मोजतो, आणि पहाटे साडेचारला टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर, पेन टेकवतो तो हँगरमधला एकटा माणूस. जबाबदारी व्यक्तीची आणि अधिकार संस्थेचा, अशी ही फारकत आहे. ती आजच्या स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी आणली, असे सरसकट सांगितले जाते. ते खरे नाही. या देशातल्या नियमित विमानसेवेइतकीच ती जुनी आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे शाळेच्या पुस्तकातही असते. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला, हे थोड्यांना ठाऊक असते. जुहूला तेव्हा झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती आणि सगळा तांत्रिक कारभार म्हणजे अर्धवेळ काम करणारा एक इंजिनियर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची, तेव्हा विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. म्हणजे पुण्याच्या वाट्याला मुलकी विमान-मेकॅनिक आला तो पावसाळी पाहुणा म्हणून. आता त्या सेवेचा डंका कशाचा वाजला ते पाहा. पहिले वर्ष पुरे झाले तेव्हा सरकारी हवाई खात्याने टाटांच्या सेवेची जाहीर वाखाणणी केली ती शंभर टक्के वक्तशीरपणासाठी. एक इंजिन, उघड्यावरचा मुक्काम, समुद्राची खारी हवा, रेडिओचा पत्ता नाही, आणि वर्षभरात एकदाही उशीर नाही. वैमानिकांचे कौशल्य त्यात होतेच. पण एका इंजिनाच्या विमानाला वर्षभर वेळेवर ठेवायचे म्हणजे रोज संध्याकाळी कोणीतरी प्लग काढून पुसले, झडपांची फट मोजली, कापडी पंखांवरची चीर शिवली. त्या शिकाऊ मेकॅनिकांची नावे आज सहजासहजी सापडत नाहीत. राहिली ती कसोटी: चांगली विमानसेवा म्हणजे वेळेवर सुटणारी विमानसेवा. टाटांच्या शेडमध्ये मालक, वैमानिक आणि मेकॅनिक एकाच चटईवर बसत असावेत, म्हणून ती कसोटी तिथे जाचली नसेल. संस्था मोठी झाली, घड्याळ बघणारा आणि पाना फिरवणारा वेगवेगळ्या इमारतींत बसू लागले, आणि तीच कसोटी फास झाली.

मेकॅनिकला नाव मिळते ते अपवादाने. मराठी वाचकाला अभिमानाने सांगता येईल असा एक अपवाद आहे आणि तो आता विस्मरणात गेला आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘कश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान बांडुंग परिषदेला जाणारे चिनी शिष्टमंडळ घेऊन हाँगकाँगहून जकार्ताकडे निघाले. चिनी पंतप्रधान चौ एन-लाय त्यात असतील या अंदाजाने घातपात्यांनी उजव्या पंखाच्या चाकघरात टाइमबॉम्ब दडवला होता. विमान नातुना बेटांजवळ समुद्रात कोसळले. एकोणीस जणांपैकी सोळा गेले. कॅप्टन जटार त्यांत होते. वाचले ते तिघे: सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि विमानाबरोबर पाठवलेले देखभाल इंजिनियर अनंत कर्णिक. कर्णिकांना शौर्याचा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि त्यांनी या घटनेवर पुस्तकही लिहिले. देखभाल इंजिनियर मुळात त्या विमानात का होता? जिथे कंपनीची स्वतःची माणसे नसतात, तिथे विमान नेताना सही करणारा माणूस सोबत न्यायची पद्धत होती. तो प्रवासी नसतो, वैमानिकही नसतो. विमान जमिनीवर टेकले की त्याचे काम सुरू होते. पुढे संशय गेला तो हाँगकाँगच्या विमानतळावर विमाने झाडणाऱ्या एका सफाई कामगारावर. घातपाताची जबाबदारी कोणी कर्णिकांवर टाकली नाही, टाकणे वेडेपणाचे ठरले असते. पण या पेशातली एक कायमची अडचण त्या प्रकरणात लख्ख दिसते. विमानाला किती अनोळखी हात लागतात, आणि त्या सगळ्यांनंतरचा शेवटचा शब्द मात्र एकाच माणसाने द्यायचा असतो.

इथे पहिला आक्षेप येतो. हे सगळे व्यापारी विमानसेवेचे झाले. जिथे तिकीट विकायचे नाही, नफा कमवायचा नाही, तिथे मेकॅनिक सुखी असायला हवा. त्याचे उत्तर ओझरला आणि लोहगावला मिळते. १९६२ च्या सोव्हिएत करारानंतर मिग-२१ च्या बांधणीची विभागणी झाली: सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या मधोमध एक पिढी लढाऊ विमान जोडायला शिकली, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली. हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. तोवर त्याला मिळालेली दूषणे सर्वांना तोंडपाठ होती, पण साठ वर्षे ते उडते कोणी ठेवले हा प्रश्न निरोपाच्या दिवशीही मागच्या रांगेतच राहिला. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांचे पुरवठादार वेगवेगळ्या देशांत विखुरले. एरवी पत्राने येणारी वस्तू आता तह, परवाना आणि चलन यांच्या फेऱ्यात अडकली. अशा वेळी तळावरचा मेकॅनिक काय करतो? उभ्या असलेल्या एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावतो. म्हणजे एका दुरुस्तीसाठी दोनदा काढणे, दोनदा बसवणे, दोनदा तपासणे आणि दोन विमानांच्या कागदांवर नोंद. काम दुप्पट, चुकीची शक्यता दुप्पट, आणि हिशेबात विमान मात्र एकच तयार. सुखोईंच्या बाबतीतही ताफ्यातली निम्म्याच्या आसपासच विमाने उड्डाणाला उपलब्ध असतात, हे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी २०१५ साली उघडपणे मांडले आणि तो आकडा वर नेण्याचे लक्ष्य ठेवले. अशा लक्ष्याची पहिली झळ हँगरला बसते, कारण रशियातला पुरवठादार दूर असतो आणि वॉरंट ऑफिसर समोर. तेव्हा नफ्याचा लोभ हे या फारकतीचे एकमेव कारण नाही. लोभ नसलेल्या संस्थेतही सही खाली आणि निर्णय वर अशीच मांडणी आहे.

हेलिकॉप्टरमध्ये हे ओझे आणखी वाढते, आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. प्रवासी विमानात दोन इंजिने असतात, हायड्रॉलिकच्या दोन-तीन वेगळ्या वाटा असतात. एक बिघडली तर दुसरी सांभाळते. हेलिकॉप्टरला इंजिने दोन असली तरी मुख्य गिअरबॉक्स एकच, रोटरचा दांडा एकच, आणि पाती ज्यावर तोललेली असतात तो मधला भागही एकच. त्यांना पर्याय नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीचे जुहूचे ठाणे बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगार ने-आण करण्यासाठी उभे राहिले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रावरून जायचे आणि यायचे. खाऱ्या हवेतून आलेले इंजिन गोड्या पाण्याने धुवावे लागते, नाहीतर कॉम्प्रेसरची पाती मिठाने खरवडली जातात. मग गिअरबॉक्सचा चुंबकी प्लग काढायचा. तेलात फिरणारे लोखंडाचे कण त्याला चिकटलेले असतात. प्लग पांढऱ्या फडक्यावर पुसायचा आणि बॅटरीच्या उजेडात बघायचे. काळसर मऊ गाळ असेल तर ती नेहमीची झीज. पण एखादी चकचकीत, चपटी, खवल्यासारखी कपची दिसली तर आत कुठलेतरी बेअरिंग सुटू लागले असण्याची शक्यता आहे. कपचीची लांबी-रुंदी किती झाली की काय करायचे, हे पुस्तकात लिहिलेले असते. पण ती मर्यादेच्या अगदी काठावर असते तेव्हा पुस्तक मिटते आणि माणूस उरतो. बाहेर लाइफजॅकेट घातलेले कामगार बाकावर बसलेले आहेत, पुढची फेरी ठरलेली आहे, आणि गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे हेलिकॉप्टर कित्येक दिवस बसणार. याच संस्थेच्या पहिल्या ताफ्यात ब्रिटिश मदतीतून आलेली २१ वेस्टलँड-३० हेलिकॉप्टरे होती. इथल्या कामाला ती उतरली नाहीत, दोन जीवघेणे अपघात झाले, ताफा जमिनीवर बसवला गेला आणि १९९३ साली कवडीमोलाने परत ब्रिटनमध्ये विकला गेला. ती कोणी निवडली? राजनैतिक देवाणघेवाणीत, दिल्ली आणि लंडनच्या टेबलांवर. जुहूच्या मेकॅनिकला कोणी विचारले असेल असे वाटत नाही, पण जोवर ती उडत होती तोवर रोज सकाळी सही त्याची होती.

चाकणच्या वाचकाला यावर एक गोष्ट लगेच सुचेल. मोटारीच्या कारखान्यातही चूक जीवघेणी ठरू शकते. ब्रेकचा पाइप ढिला राहिला तर माणूस मरतोच. मग विमान-मेकॅनिकचे वेगळे कौतुक कशाला? फरक मेहनतीत किंवा कसबात नाही, त्याबाबत चाकणचा फिटर कुठेही कमी नाही. फरक आहे चूक कोणाच्या नावावर जमा होते यात. गाडीत दोष निघाला तर कंपनी त्या महिन्यातल्या सगळ्या गाड्या परत बोलावते, पत्रक कंपनीच्या नावाने निघते, आणि तिसऱ्या शिफ्टच्या अमुक स्टेशनवर कोण उभा होता हे ग्राहकाला कधी कळत नाही. शिवाय जपानी पद्धत मानणाऱ्या कारखान्यात कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवता येते. थांबवणे हा त्याच्या कामाचाच भाग धरला जातो. कागदावर पाहिले तर विमान-मेकॅनिकचा अधिकार याहून मोठा आहे. त्याने सही नाकारली तर कंपनीचा मालकसुद्धा ते विमान उडवू शकत नाही. पण लाइन थांबली की पर्यवेक्षक धावत येऊन दोष शोधतो, आणि विमान थांबले की फोन वाजू लागतात आणि शोध सुरू होतो उशीर कोणाच्या खाती टाकायचा याचा. विमान कंपन्यांत प्रत्येक उशिराला सांकेतिक क्रमांक देऊन तो एकेका विभागाच्या नावे लिहिण्याची रीत आहे. ‘तांत्रिक’ या सदरात उशीर गेला की महिनाअखेरीच्या बैठकीत तो हँगरच्या डोक्यावर येतो. न केलेल्या सहीची किंमत मिनिटांत मोजता येते. तिच्यामुळे जो अपघात टळला तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त रोखठोक आहे: ही सगळी तात्त्विक चर्चा सोडा, प्रश्न पैशाचा आहे. याला पुरावाही भक्कम आहे. २०१२ साली किंगफिशर एअरलाइन्सच्या इंजिनियरांनी काम थांबवले ते कित्येक महिन्यांचा पगार थकला म्हणून, आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्या कंपनीचा परवाना निलंबित झाला. जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे टेक्निशियन मोठ्या संख्येने एकाच वेळी आजारी रजेवर गेले, तेही करोनाकाळात कापलेल्या आणि मुळातच तुटपुंज्या पगारासाठी. पैशाचा प्रश्न खोटा आहे असे म्हणण्याची माझी तयारी नाही. पण निषेधाचा प्रकार पाहा: संप नाही, आजारी रजा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतुकीला लोकोपयोगी सेवा ठरवले होते आणि नोटिशीशिवाय संप बेकायदा केला होता. ज्या सेवेला कायद्याने इतके मोलाचे मानले, तिच्यातल्या माणसाला आवाज उठवायला तापाचे सोंग काढावे लागले. आणि नेमक्या त्याच महिन्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमानतळांवर अचानक तपासण्या केल्या. बिघाडाचे कारण नीट शोधले जात नाही, काही दोष पुढे ढकलून विमान सोडण्याचे प्रमाण वाढते आहे, आणि वेळापत्रकातल्या उड्डाणांसाठी सही करणारी माणसे जागेवर नसतात, असे त्याला आढळले. २८ जुलैपर्यंत प्रत्येक ठाण्यावर योग्य परवान्याचा इंजिनियर ठेवा, असा हुकूम निघाला. दोष पुढे ढकलण्याला नियमांत मुभा आहे आणि ती शहाणपणाची आहे. वाचनाचा दिवा बंद आहे म्हणून दोनशे माणसे अडकवून ठेवू नयेत. पण ती मुभा सवय होऊ लागली आहे, हे सरकारी यंत्रणेनेच नोंदवले. पगार वाढवून तो प्रश्न सुटत नाही. पोटभर पगार घेणारा माणूसही जागेवर एकटाच असेल आणि हातात पस्तीस मिनिटेच असतील, तर कारण शोधण्याऐवजी भाग बदलून मोकळा होईल.

तिसरा आक्षेप अभ्यासू माणसाचा आहे. विमानप्रवास आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, मग व्यवस्था चुकीची कशी? आणि जिथे चूक होते तिथे ती शेवटी व्यक्तीचीच असते. याचा विचार करताना ब्रिटनमधले १० जून १९९० चे प्रकरण डोळ्यांपुढे ठेवावे. बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवल्यामुळे तो वाचला. काच आदल्या दिवशी पहाटे बदलली होती. ती बसवणारे ९० बोल्ट होते, त्यातल्या ८४ चा व्यास हवा त्यापेक्षा ०.०२६ इंचाने कमी निघाला आणि उरलेल्या सहांची लांबी कमी. काम केले ते शिफ्टच्या प्रमुखाने स्वतः, कारण त्या रात्री माणसे कमी होती. पुस्तकातला क्रमांक बघण्याऐवजी त्याने जुना बोल्ट हाताशी धरून जोडीचा बोल्ट नजरेने निवडला. चूक त्याचीच, यात शंका नाही. पण चौकशी तिथे थांबली नाही. काढलेल्या जुन्या बोल्टांतलेही बहुतेक चुकीच्याच लांबीचे होते आणि त्यांच्यावर विमान बिनबोभाट उडत होते. काचेचे काम दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासावे असा नियमच नव्हता. ज्याने देखरेख करायची तोच पाना घेऊन शिडीवर चढला होता, तेव्हा देखरेख करणार कोण? विमानप्रवास सुरक्षित झाला तो अशा चौकशांनी एका माणसाच्या चुकीमागची संस्था शोधून काढली म्हणून. म्हणजे हा आक्षेप माझ्या बाजूनेच साक्ष देतो. सही व्यक्तीची ठेवा, पण ती ज्या परिस्थितीत होते तिची जबाबदारीही कोणाच्या तरी नावावर टाका, हा धडा कागदावर स्वीकारला गेला आहे. हँगरपर्यंत तो अर्धाच पोचला.

हँगरमध्ये सगळ्यांनाच सही नसते, आणि चाकण-खेडच्या तरुणाशी या विषयाचा खरा संबंध तिथेच येतो. एका बाजूला परवानाधारक इंजिनियर, ज्याला सगळे एएमई म्हणतात. दुसऱ्या बाजूला टेक्निशियन, जो प्रत्यक्ष नट फिरवतो, लॉकवायर पिळतो, पॅनल उघडतो आणि लावतो. परवान्याच्या परीक्षांना बसायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, किंवा अभियांत्रिकीची पदविका. मग मान्यताप्राप्त संस्थेतले शिक्षण, विषयवार परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि शेवटी त्या-त्या जातीच्या विमानाचे टाइप रेटिंग. दहावीनंतर आयटीआय करून आलेला फिटर, मग त्याचा हात कितीही सफाईचा असो, या वाटेवर पहिल्याच फाटकाशी अडतो आणि टेक्निशियन म्हणून राहतो. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसॉल्टच्या मदतीने विमानाच्या सांगाड्याचा फिटर घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला आणि मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेला दुरुस्तीचा तळ २०१५ साली कामाला लागला, ही चांगलीच पावले आहेत. पण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत चाळीस वर्षे जे तयार झाले, त्या मनुष्यबळाला हँगरपर्यंत नेणारा पूल अजून नाही. आणि परवाना मिळाला म्हणजे गंगेत घोडे न्हाले असेही नाही. मागच्या २४ महिन्यांत किमान ६ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव नसेल तर सहीचा हक्क वापरता येत नाही. नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. पण १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली आणि वर्षभरात करोना आला, तेव्हा मुंबईतल्या शेकडो घरांत बेकारीबरोबर हेही घड्याळ सुरू झाले. वकिलाला दोन वर्षे खटला मिळाला नाही म्हणून त्याची सनद झोपत नाही. या पेशात कंपनी बुडाली की कौशल्याच्या कागदालाही गंज चढू लागतो.

राहता राहिला सर्वांत सोपा युक्तिवाद: मन मानत नसेल तर सही करू नये, कायदा त्याच्या पाठीशी आहे. कायदा आहे. पण कायद्याने दिलेला नकार वापरायला माणूस एकटा नसावा लागतो, जागा असावा लागतो, आणि त्या नकारानंतरही उद्या त्याच हँगरमध्ये ताठ मानेने येता यावे लागते. वैमानिकांच्या उड्डाणाच्या आणि विश्रांतीच्या तासांना नेमक्या आकड्यांची मर्यादा आहे. मेकॅनिकच्या बाबतीत नियमावली दुरुस्ती संस्थेला एवढेच बजावते, की शिफ्ट आखताना माणसाच्या क्षमतेच्या मर्यादा ध्यानात घ्या, आखणी संस्थेचीच. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे, त्याखालचे नियम नव्याने घडत आहेत. त्यात सही करणाऱ्याच्या आणि त्याच्या हाताखाली पाना फिरवणाऱ्याच्या कामाच्या तासांना वैमानिकासारखीच आकड्यातली मर्यादा घालावी, तांत्रिक कारणाने झालेला उशीर हँगरच्या खाती दोष म्हणून मांडणे बंद करावे, आणि आयटीआयच्या फिटरला कामाचा अनुभव धरून परवान्याच्या परीक्षेपर्यंत पोचायची वाट उघडावी. हे नियम लिहायला जे बसतील त्यांच्यात रात्रपाळी केलेला एक तरी मेकॅनिक असावा, आणि पुरंदरच्या आराखड्यावर हरकती-सूचना मांडणाऱ्यांनी धावपट्टीच्या लांबीबरोबर तिथे हँगर किती आणि त्यात किती माणसांना कायम नोकरी, हेही विचारावे.